नंबर नेता येतो, नोंदी का नाही?

मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, याचं आता कोणाला नवल उरलेलं नाही. ही सोय २० जानेवारी २०११ ला देशभर लागू झाली आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलं तरी नंबर सोबत नेता येऊ लागला. त्याआधी सेवा कितीही भिकार असली तरी माणूस मुकाट्याने त्याच कंपनीचं रिचार्ज मारत राहायचा. नंबर गेला म्हणजे अडत्या, सोसायटीचा सचिव, पोरीच्या सासरची माणसं, सगळ्यांना नवा नंबर कळवत बसा. हा नियम यायच्या आधी तारखा कितीदा तरी पुढे ढकलल्या गेल्या, तांत्रिक अडचणी सांगितल्या गेल्या. मग नियम आला आणि अडचणीही आटोपल्या.

फोनमध्ये आपण जे लिहून ठेवतो त्याला मात्र असा कुठलाच नियम नाही. एका ॲपमधली टिपणं दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची तर ती निघतील का, किती निघतील, कोणत्या रूपात निघतील, हे ज्याने ॲप बनवलं तो ठरवणार. माझं म्हणणं एवढंच की हे त्याच्या मर्जीवर सोडू नये. लिहिणाऱ्याला आपलं सगळं लिखाण, तारखा आणि फोटोंसकट, हातातल्या फोनवरूनच बाहेर काढता आलं पाहिजे. हा हक्क कायद्यात हवा, आणि जिथे सरकारच ॲप वापरायला लावतं तिथे तो सगळ्यात आधी हवा.

हा पुण्या-मुंबईच्या लॅपटॉपवाल्यांचा विषय आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने एखाद्या संध्याकाळी वरुड-मोर्शीकडे किंवा कळंब-राळेगावकडे कुठल्याही गावात पारावर बसून लोकांच्या फोनमध्ये काय आहे ते विचारावं. संत्र्याला ताण कधी दिला, म्हणजे बागेचं पाणी कधी बंद केलं, आणि तो कधी तोडला, कोळशीवर कोणतं औषध किती पंपांना पुरलं, कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला आणि तिचे किती पैसे द्यायचे राहिले, सालदाराने किती उचल नेली, बचत गटात कोणाचा हप्ता थकला, ट्रॅक्टरवाल्याने किती एकर वखरून दिलं. काहींचं हे सगळं गूगल कीपमध्ये असतं, काहींचं फोनसोबत आलेल्या नोट्समध्ये, काहींचं बियाण्या-औषधाच्या कंपनीने दिलेल्या शेती-डायरीत. आणि बहुतेकांचं व्हॉट्सॲपवर. बायकोला घेऊन दोघांचा ग्रुप काढायचा, मग तिला त्यातून काढून टाकायचं आणि उरलेल्या एकट्याच्या ग्रुपमध्ये हिशेब लिहीत जायचा, ही युक्ती गावोगाव चालत होती. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय कंपनीने २०२२ च्या शेवटी दिली, ती त्यानंतर. (बायकोला ग्रुपमधून काढल्यावर घरात काय झालं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

एका संत्रा बागायतदाराची अशी ने-आण मी जवळून पाहिली. त्याची डायरी ज्या ॲपमध्ये होती ते बंद होणार असल्याची सूचना फोनवर आली होती, इंग्रजीत. ती त्याच्या पुतण्याने वाचली म्हणून कळलं. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, संगणकावर बसणाऱ्या पोराने त्याच्या खात्यातून सगळं उतरवून घेतलं. एक झिप फाइल निघाली. उघडली तर एका फोल्डरमध्ये मजकूर, दुसऱ्यात फोटो. फोटोंची नावं म्हणजे नुसते आकडे. पानगळीचा फोटो कोणत्या नोंदीचा आणि फळगळीचा कोणत्या, याचा काही मेळ नाही. त्याहून वाईट म्हणजे मजकुराच्या प्रत्येक फाइलपुढे तारीख त्याच दिवसाची. पोरगं खुशीत म्हणालं, “काका, मजकूर तं सारा आला ना.” काका स्क्रीनकडे पाहत म्हणाले, “हे तं सारं आजच लिहिलं म्हनून रायलं! मंग ताण कवा तोडला होता थे मले कसं समजन?”

ज्याने संत्र्याचा अंबिया बहार धरला आहे त्याला या प्रश्नाचं वजन कळेल. झाडांना किती दिवस पाण्याविना ठेवलं, थंडीत पाणी कधी सोडलं, त्यानंतर किती दिवसांनी फुटवे आणि फूल आलं, त्या मधल्या काळात आभाळ होतं का, या हिशेबावर पुढच्या हिवाळ्याचा निर्णय ठरतो. नोंदीतला मजकूर दोन ओळींचा असतो, ‘पाणी सोडलं, दांड भरून’ असा. खरा माल त्यावरच्या तारखेत असतो. तारीख गेली की त्या दोन ओळी कोणत्याही वर्षाच्या, कोणाच्याही बागेच्या. पीक विम्यातही तेच. स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांत कळवायची अट शेतकऱ्यांनी बरीच वर्षं सोसली आहे, आणि वाद उभा राहिला की पहिला प्रश्न ‘फोटो कधीचा?’ हाच असतो.

बंद होणारं ॲप छोटं होतं, म्हणून असं झालं का? मोठ्यांकडेही वाऱ्याची दिशा बदलते. एव्हरनोट हे २००८ मधलं ॲप, हत्तीच्या चिन्हाचं, टिपणांच्या दुनियेतलं एके काळी सगळ्यात मोठं नाव. बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने ते विकत घेतलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांसाठी एकूण ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा आली. न्यायाने बोलायचं तर जुन्या नोंदी कोणी जप्त केल्या नाहीत. त्या वाचता येत होत्या, बदलता येत होत्या, बाहेरही काढता येत होत्या. नवीन लिहायचं असेल तर पैसे भरा किंवा निघा, एवढंच होतं. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. गूगलची नोटबुक नावाची सेवा होती, तीही गेली आणि २०१३ मध्ये कीप आलं. ॲप बंद होणं, महाग होणं, दुसऱ्याच्या हाती जाणं हे चालायचंच. तक्रार त्याची नाही. तक्रार बाहेरच्या वाटेची आहे.

ती वाट कागदावर असते, नाही असं नाही. पण ती कुठून जाते ते पाहा. एव्हरनोटमधली वही बाहेर काढायची तर विंडोज किंवा मॅकवरचं ॲप लागतं. फोनवरून ते होत नाही. गूगलने २०११ मध्ये टेकआउट ही आपली माहिती उतरवून घ्यायची सोय काढली. त्यातून कीपच्या नोंदी दोन रूपांत मिळतात, एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) आणि जेसन (सॉफ्टवेअरने वाचायचा साचा), आणि काम चोख आहे. पण ती झिप फोनवर उतरवून सोडवायची, त्यातल्या शेकडो फाइली एकेक उघडायच्या, हे ज्याचा एकमेव संगणक म्हणजे त्याचा फोन आहे त्याने करून दाखवावं. जेसनमध्ये तारीख असते, पण कशी? १ जानेवारी १९७० पासून किती मायक्रोसेकंद झाले, त्याचा सोळा आकडी अंक. त्यावरून ताण कधी तोडला ते काढायला झेरॉक्सच्या दुकानातलं पोरगंही पुरणार नाही. कंपन्या म्हणतात आम्ही दार ठेवलं आहे. दार आहे, फक्त ते अशा खोलीत उघडतं जी गावात कोणाच्या घरी नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर हा फटका आधीच एकदा खाल्ला आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी आपल्याकडे श्रीलिपी आणि तसल्या फॉन्टवर काम चालायचं. तालुक्याचे छापखाने, जिल्ह्याची दैनिकं, शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं त्यात. त्या फाइली आज फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर हार्ड डिस्कवर शाबूत आहे, पण तो फॉन्ट किंवा रूपांतर करून देणारं सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर त्याला मराठी म्हणायची सोय नाही. युनिकोडने ते बरंचसं निभावलं, तरी कुरापती उरल्याच. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो, तुम्ही कोणत्या कीबोर्डवर टंकता त्यावर ते ठरतं. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या ॲपला ते कळत असेल तर ठीक, नाहीतर जुन्या फोनवर लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ नव्या ॲपच्या शोधात सापडतच नाही आणि माणूस समजतो नोंद हरवली. विदर्भातल्या टिपणवहीत हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, संत्र्याच्या पाण्याच्या नोंदीसाठी एवढं काय. नोंदीची किंमत लिहिताना कळत नाही, हे आमच्या भागाएवढं कोणाला माहीत असणार? तहसील कार्यालयात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी जी माणसं ताटकळत असतात त्यांना विचारा. गावच्या कोतवालाने कोण जन्मलं, कोण मेलं ते लिहून ठेवलं. त्यात जातीचा रकाना होता. त्याला स्वप्नातही वाटलं नसेल की दोन-तीन पिढ्यांनी कोणा पोराचा इंजिनीअरिंगचा प्रवेश त्याच्या त्या ओळीवर अडून राहील. जात पडताळणीला ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, आणि विदर्भात तो पुष्कळदा त्या जाड बुकातच सापडतो. वनहक्काच्या दाव्यांचंही तसंच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर कितीतरी गावांनी दावे केले, आणि निस्तार हक्काच्या, म्हणजे जंगलातून सरपण-चारा घ्यायच्या हक्काच्या, जुन्या नोंदी त्यात पुरावा म्हणून पुढे आल्या. कोतवाल बुक वाचायला कोणाचा पासवर्ड लागत नाही. अक्षर मोडी निघालं तर वाचणारा शोधावा लागतो, पण तो शोधला की सापडतो; मोडी ही कोणा कंपनीची मालमत्ता नाही.

मग आज अंगणवाडी सेविका, आशा, कृषीसखी जे रोज फोनमध्ये भरतात ते साठ वर्षांनी कोणाला वाचता येईल? इथे माझा राग कंपन्यांपेक्षा सरकारवर जास्त आहे. खासगी ॲप नको असेल तर नाही म्हणता येतं. सेविकेला नाही म्हणता येत नाही, तिचं मानधन त्यावर अडलेलं. आधी कॅस नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते गेलं आणि २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲप यांच्याविरुद्ध आंदोलन करून सरकारी फोन परत केले, ते अनेकांना आठवत असेल. शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, मग तिची आवृत्ती बदलली, पुढे डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) असं शेपूट लागून नवं ॲप आलं. दर बदलाला प्रशिक्षण फक्त एकाच गोष्टीचं होतं: नवं कसं भरायचं. जुन्यातलं स्वतःजवळ कसं ठेवायचं, याचा तासच वेळापत्रकात नसतो. म्हणून समजूतदार सेविका रजिस्टरही लिहिते आणि फोनही भरते, एकाच वजन-उंचीचे दोन वेळा कष्ट. वरून बघणाऱ्यांना हा जुनाटपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, पण तो शहाणपणा तिच्या वेळेतून आणि तिच्या बोटांतून वसूल केला जातो आहे.

कायद्याकडे पाहिलं तर हा हक्क आपल्या हातातोंडाशी येऊन गेला. माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आपली माहिती एकाकडून दुसऱ्याकडे नेण्याचा हक्क होता. संसदेत मांडलेल्या २०१९ च्या विधेयकातही होता. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा तो गळालेला होता. नव्या कायद्यात माहितीचा गोषवारा मागायची, चूक दुरुस्त करून घ्यायची, माहिती पुसायला सांगायची, आपल्या पश्चात कोणी हे हक्क वापरावेत म्हणून नामनिर्देशन करायचीही तरतूद आहे. सगळं चांगलं आहे. फक्त आपलं सामान उचलून निघायची सोय नाही. युरोपात ती मे २०१८ पासून आहे, आणि तिथे ॲपच्या कंपन्या बुडाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे हे तंत्राला झेपत नाही, असंही म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून चालू आहे. तुमच्या संमतीने तुमच्या खात्याचा तपशील एका बँकेतून दुसऱ्या बँकेला ठरलेल्या साच्यात पोचतो, म्हणजे कर्जाचा निर्णय लवकर होतो. कर्ज देणाऱ्याच्या सोयीची माहिती चालू लागली. कर्ज घेणाऱ्याची स्वतःची टिपणं मात्र आहेत तिथेच रुतलेली, पावसाळ्यात धुऱ्यावर फसलेल्या बंडीसारखी.

यावर दोन-तीन आक्षेप नेहमी येतात. फुकट वापरता आणि वर हक्क सांगता, हा पहिला. फुकटात ॲप मिळालं, मजकूर काही कंपनीने दिलेला नाही; तो बागेत उन्हात उभं राहून आपण लिहिला. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एका बटणावर सगळं बाहेर पडत असेल तर फोन दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तेही एका बटणावर जाईल. खरं आहे. बचत गटाच्या हिशेबात शेजारणीचंही नाव असतं. म्हणून ओटीपी विचारा, एक दिवस थांबवा, खातेदाराला मराठीत कळवा. बँका पैशाच्या बाबतीत हे करतातच. धोका आहे म्हणून दारच ठेवू नका, हे उत्तर मात्र मला मान्य नाही. तिसरा आक्षेप आमच्याकडचे जुने लोक घेतात: वहीच बरी. वहीला माझा विरोध नाही, वाळवीचा आणि गळक्या छपराचा आहे. शिवाय वहीत बोंडअळीचा फोटो चिकटत नाही.

आणि एक वर्ग असा आहे ज्याच्याशी माझं अजिबात जमत नाही. दर दोन महिन्यांनी नवं टिपणांचं ॲप शोधणारा. आज नोशन, उद्या ऑब्सिडियन, परवा आणखी काही. व्हिडिओ बघायचे, रंगीत लेबलं लावायची, फोल्डर रचायचे आणि लिहायचं काही नाही. ही मंडळी आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकांमध्येही पुष्कळ दिसतात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स चौथ्यांदा नव्या ॲपमध्ये सजवताना. बाहेर पडण्याचा हक्क मागणं म्हणजे सारखं बाहेर पडा असं सांगणं नव्हे. उलट जिथून केव्हाही निघता येतं तिथे माणूस निवांत टिकतो. ऑब्सिडियनसारख्या ॲपचं मला पटणारं एकच आहे: ते नोंदी साध्या मजकुराच्या फाइली म्हणून तुमच्याच फोनमध्ये ठेवतं, ॲप उडालं तरी फाइल राहते. ते गावात चालेल असं मात्र मला वाटत नाही. त्याचं सगळं वळणच संगणकावर बसणाऱ्या माणसाचं आहे. पण ती कल्पना उचलून मराठीत, बोलून नोंद करता येईल असं काही विद्यापीठाला किंवा कृषी खात्याला बनवता येणार नाही, असं थोडंच आहे? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शेतकऱ्याच्या नोंदींचा एक साधा, सगळ्यांना खुला साचा जरी ठरवून दिला, तारीख, पीक, क्षेत्र, काम, खर्च, फोटो एवढाच, तरी प्रत्येक ॲपवाल्याला ‘या साच्यात बाहेर काढून दे’ असं सांगता येईल.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या हातात एक गोष्ट आजही आहे. सभासदांच्या पेरणीच्या, खरेदीच्या, चुकाऱ्याच्या नोंदी ठेवायला या कंपन्या कोणाचं ना कोणाचं सॉफ्टवेअर घेतात, आणि घेताना करार करतात. त्या करारात दर, प्रशिक्षण, देखभाल सगळं असतं. करार संपल्यावर नोंदींचं काय, यावर बहुधा ओळच नसते. ती ओळ संचालकांनी घालून घ्यावी: करार संपल्यापासून ठरावीक दिवसांत सगळ्या नोंदी मूळ तारखांसह, फोटो ज्या नोंदीचे त्यांना जोडून, एक्सेलमध्ये उघडतील अशा द्यायच्या, आणि प्रत्येक सभासदाला त्याची स्वतःची नोंद त्याच्या फोनवर. सही करण्याआधी विक्रेत्याला सभेत उभं करावं, एका सभासदाच्या फोनवर एक नोंद लिहायला लावावी, फोटो जोडायला लावावा आणि तिथल्या तिथे ती बाहेर काढून दाखवायला सांगावी. विक्रेत्याने बॅगेतून लॅपटॉप काढला की त्याला सांगायचं, भाऊ, तो राहू द्या, या फोनवरच करा.